वळणावर गाडी गरकन फिरते, बॉल निसटतो, बॉस हरत नाही: स्टिअरिंग व्हील घेण्याआधी हे वाचा

निपाणीहून एका भावांनी प्रश्न टाकलाय, तो थोडक्यात असा. वय 36, नोकरी, लहानपणी कॅफेत गेम खेळलेले, मधे सगळं सुटलं, आता आरटीएक्स 3050 ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप घेतला आणि त्यावर फोर्झा होरायझन 5, ईए स्पोर्ट्स एफसी आणि गॉड ऑफ वॉर टाकलं. सगळं कीबोर्डवर खेळतात. फोर्झात प्रत्येक वळणावर गाडी गरकन फिरते नाहीतर सरळ जाऊन आदळते, फुटबॉलमध्ये आपला बॉल निसटतो आणि समोरचा मधनं चालत येऊन गोल मारतो, गॉड ऑफ वॉरमध्ये सुरुवातीला घरी येऊन भांडणारा तो अनोळखी माणूसच, म्हणजे तिथला बॉस, हरवता येईना. मित्र म्हणायलेत 25 हजाराचं स्टिअरिंग व्हील घे. आणि शेवटी विचारलंय की वयामुळं माझे रिफ्लेक्स स्लो झालेत का, आणि 9 वर्षांचा मुलगा पण सोबत खेळतो म्हणतोय, त्याला काय द्यावं.

भाऊ, मी बेळगावात शहापूर भागात गेमिंग झोन चालवतो, आधी नुसता सायबर कॅफे होता, म्हणजे कॅफेत मोस्ट वॉन्टेड हा गाड्यांचा गेम खेळणारी पोरं आज आपापल्या पोरांना घेऊन येतात इतकी वर्षं हे बघतोय. तुमच्यासारखी माणसं तर दर महिन्याला येतात, आणि प्रत्येकाला वाटतं आपला हात आता चालत नाही. तुमचा प्रश्न मला तीन गेमचा वाटत नाही, एकच वाटतो. गेम तुमच्याकडून जे मागतोय ते कीबोर्डवरनं देता येत नाही, आणि जे देता येतंय ते तुम्ही चुकीच्या वेळी द्यायलाय. वय, रिफ्लेक्स आणि स्टिअरिंग हे तिन्ही नंतरचे विषय. आता काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत, म्हणजे टीव्हीला जोडता का लॅपटॉपच्याच स्क्रीनवर, रोज किती वेळ मिळतो, ऑनलाइन खेळायचंय का घरातल्या घरात, त्यामुळं सगळंच जसंच्या तसं घेऊ नका.

आधी कीबोर्डचं. कीबोर्डच्या बटणाला दोनच गोष्टी कळतात, दाबलं आणि सोडलं. अ‍ॅक्सिलरेटर म्हणजे पूर्ण, ब्रेक म्हणजे पूर्ण, स्टिअरिंग म्हणजे पूर्ण. गेम आतून थोडं मऊ करून घेतो, पण फोर्झासारख्या गेममध्ये टायरचा हिशोब खरा आहे. टायरकडं पकड ठराविक असते, ती तुम्ही ब्रेकला वापरा नाहीतर वळायला वापरा, दोन्हीकडं पूर्ण मागितली तर मिळत नाही. पूर्ण ब्रेक दाबून वळवलं की पुढची चाकं घसरतात आणि गाडी सरळ जाऊन आदळते, हे तुमचं पहिलं दुखणं. वळणातनं बाहेर पडताना पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला आणि गाडी मागच्या चाकांवर चालणारी असली की मागची चाकं सुटतात आणि गाडी फिरते, हे दुसरं. दोन्हीवर इलाज एकच, थोडं थोडं देणं, आणि ते थोडं थोडं कीबोर्डवर नसतंय.

तवंदी घाट तुमच्या दारातच आहे, पावसात उतरताना जुना ट्रक ड्रायव्हर काय करतो बघा, वळणाच्या आधीच सरळ रस्त्यावर गाडी हळू करून घेतो, वळणात ब्रेकवर पाय ठेवत नाही, आणि पुढचा रस्ता दिसला की मग हळूहळू रेस देतो. फोर्झात हेच करायचंय, शंभर टक्के हेच. आमच्याकडं येणारी नवीन पोरं वळणात शिरेपर्यंत रेस सोडतच नाहीत, त्यांना वाटतं हळू झालो तर हरलो, आणि उलट होतंय, वळणात हळू शिरणारा बाहेर पडताना जोरात असतो आणि पुढच्या सरळ रस्त्यावर तोच पुढं जातो.

आता सेटिंग. फोर्झाच्या डिफिकल्टीमध्ये जाऊन एकेक बघा, कारण तिथं काय चालू आणि काय बंद यावर गाडी अगदी वेगळी वागते. एबीएस चालू ठेवा, ते बंद करायची गरज तुम्हाला कधीच पडणार नाही. स्टॅबिलिटी कंट्रोल आणि ट्रॅक्शन कंट्रोल (रेस दिल्यावर चाकं घसरू न देणारं) सुरुवातीला दोन्ही चालू, गिअर ऑटोमॅटिक, स्टिअरिंग स्टँडर्डवर, सिम्युलेशनवर नको. ड्रायव्हिंग लाइन म्हणजे रस्त्यावर दिसणारी ती रंगीत पट्टी, ती पूर्ण चालू न ठेवता फक्त ब्रेकिंगपुरती ठेवा. कारण पूर्ण पट्टी असली की डोळे पट्टीवरच चिकटतात, वळण बघायचं राहून जातं, आणि पट्टी बंद केली की माणूस आंधळा होतो, असं मी कितीतरी जणांचं बघितलंय. फक्त ब्रेकिंगची असली की लाल दिसायला लागलं की हळू व्हायचं एवढं कळतंय आणि बाकी रस्ता तुम्हालाच वाचावा लागतोय.

हात बसला की पहिलं स्टॅबिलिटी बंद करा. ती गाडी फिरू नये म्हणून मधेच स्वतः ताबा घेते, त्यामुळं गाडी जड वाटते, वळायला तयार नसते. ट्रॅक्शन कंट्रोल त्यानंतर, तेही पॅडवर, म्हणजे हातात धरायच्या कंट्रोलरवर, खेळत असाल तरच. फोर्झात हे असिस्ट बंद केले की रेसच्या पैशावर बोनस मिळतो, पण बोनससाठी घाई करू नका, शेवटून दुसरं येऊन बोनस घेण्यापेक्षा तिसरं येणं बरं.

रिवाइंडबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण माझ्या मते शिकायला यापेक्षा चांगली सोय कुठल्याच रेसिंग गेममध्ये नाही आणि लोक ती वाया घालवतात. वेळ मागं नेण्याची ही गंमत आधी अ‍ॅक्शन गेममध्ये गाजली, 2003 च्या प्रिन्स ऑफ पर्शियामध्ये, मग 2008 च्या ग्रिड या रेसिंग गेममध्ये ती फ्लॅशबॅक म्हणून आली आणि 2009 पासून फोर्झात आहे. लोक काय करतात, आदळले की दोन सेकंद मागं जातात, तिथं गाडी आधीच वेगात असते, परत आदळतात, परत मागं, आणि मग म्हणतात हे वळणच अवघड आहे. अहो चूक वळणात झालेलीच नसते, ती शंभर मीटर आधी झालेली असते. ब्रेक दाबायच्या जागेच्याही मागं जाईपर्यंत रिवाइंड करा आणि यावेळी लवकर ब्रेक लावा, अगदी वाटेल की फारच लवकर झालं, इतका लवकर. मग पुढच्या वेळी थोडा उशिरा. असं करत करत ती जागा सापडते, आणि एका वळणाची जागा सापडली की तसल्या सगळ्या वळणांची सापडते.

गाडी निवडताना पण हेच. गेम सुरू झाल्या झाल्या भारी गाड्या देतो, त्या बाजूला ठेवा. सी किंवा बी क्लासमधली, म्हणजे कमी ताकदीच्या गटातली, चारही चाकांवर चालणारी एखादी सुबारू घ्या आणि तिच्यावर शिका, चुकलात तरी गाडी माफ करते. आणि अपग्रेड करताना इंजिनला हात लावायच्या आधी टायर आणि ब्रेक. आमच्याकडची पोरं पहिलं टर्बो घालतात, मग ती गाडी कुणालाच आवरत नाही.

हे सगळं नीड फॉर स्पीडला लागू होत नाही हे पण सांगायला पाहिजे, नाहीतर गोंधळ होईल. 2005 चं मोस्ट वॉन्टेड तुम्ही कॅफेत खेळलाच असणार, रॉकपोर्ट शहर, ब्लॅकलिस्टवरचे 15 जण, शेवटी रेझर आणि ती बीएमडब्ल्यू एम3 जीटीआर. तो कीबोर्डवर मस्त चालायचा, कारण तो बनवलाच तसा होता, गाडी जवळजवळ रुळावर चालल्यासारखी, वळण चुकलं तर स्पीडब्रेकर दाबून वेळ हळू करायची सोय, आणि पोलिस मागं लागल्यावर मजा गाडी चालवण्यापेक्षा पळवाट शोधण्यात होती. नंतरच्या नीड फॉर स्पीडमध्ये, म्हणजे 2019 च्या हीटमध्ये, वळणात रेस सोडून परत दाबली की गाडी मुद्दाम ड्रिफ्टला जाते. म्हणजे जी गोष्ट फोर्झात चूक, ती तिथं बरोबर. तुमच्या हाताला कॅफेतली सवय आहे आणि ती तुम्ही फोर्झात वापरायलाय, तुमचं निम्मं दुखणं हे आहे असं मला वाटतं. आणखी एक, असल्या गेममध्ये पुढचे हळू आणि मागचे जोरात करून सगळ्यांना एकत्र ठेवायची पद्धत असते, म्हणून शेवटच्या वळणापर्यंत कोणीतरी चिकटूनच असतो, त्यात तुमचं काही चुकलेलं नसतंय.

मग स्टिअरिंग व्हील घ्यायचं का? आत्ता नको. व्हील हा वेगळाच छंद आहे. लॉजिटेकचं जी29 सारखं व्हील 900 अंश फिरतं, टायर सुटायला लागला की हाताला झटका कळतो, आणि असेटो कोर्सा किंवा डर्ट रॅलीसारखे अगदी खऱ्या गाडीसारखे गेम खेळणाऱ्याला त्याचं मोल आहे. पण त्याला घट्ट टेबल लागतंय, पेडल सरकू नयेत म्हणून खाली आधार लागतोय, आणि फोर्झा होरायझन हा मुळात पॅडसाठी बनवलेला गेम आहे, त्यात व्हील घेऊन तुम्ही फास्ट होणार नाही, उलट काही आठवडे स्लोच व्हाल. शिवाय फुटबॉलला आणि गॉड ऑफ वॉरला त्याचा शून्य उपयोग. आणि ती स्वस्तातली, आत नुसती स्प्रिंग असलेली, अर्धं वर्तुळच फिरणारी व्हील्स तर अजिबात घेऊ नका.

कंट्रोलर घ्या, म्हणजे आपण ज्याला पॅड म्हणतो तो. एक्सबॉक्सचा घेतलात तर विंडोजवर काही न करता चालतो, बजेट कमी असलं तर त्याच पद्धतीनं चालणारे दुसऱ्या कंपन्यांचे पण आहेत, पण एक गोष्ट दुकानातच बघून घ्या. मागं जे दोन ट्रिगर असतात ते अ‍ॅनालॉग आहेत का, म्हणजे जेवढं दाबाल तेवढंच गेमला सांगणारे. काही स्वस्त पॅडमध्ये दिसायला ट्रिगर असतो, आत नुसतं बटण असतं, मग परत कीबोर्डच झाला. दुकानदाराला लॅपटॉपला जोडून द्यायला सांगा, विंडोज आणि आर दाबा, जॉय डॉट सीपीएल (joy.cpl) टाइप करा, प्रॉपर्टीजमध्ये जा. तिथं झेड अ‍ॅक्सिस नावाची एक पट्टी दिसते, एक्सबॉक्स पद्धतीच्या पॅडचे दोन्ही ट्रिगर त्याच एका पट्टीवर असतात, काही न दाबता पट्टी मध्यावर, एक ट्रिगर दाबला की एका बाजूला, दुसरा दाबला की दुसऱ्या. आता बोट अगदी हळू दाबत न्या. पट्टी बोटाबरोबर हळूहळू सरकली तर पॅड चांगला. काहीच न होता एकदम टोकाला उडी मारली तर तो परत द्या, किंमत कितीही कमी असू दे. त्याच खिडकीत अंगठ्याच्या काडीवरचा हात काढल्यावर खूण मधोमध थांबते का तेही बघा, बाजूला रेंगाळत असली तर ती काडी लवकरच त्रास देणार.

पॅड आला की फोर्झाच्या अ‍ॅडव्हान्स्ड कंट्रोलमध्ये डेडझोन, म्हणजे दाबूनही गेम मोजत नाही तो भाग, बघा, आतला कमी आणि बाहेरचा 100. नाहीतर ट्रिगर थोडा दाबलेला गेमला कळतच नाही.

आता रिफ्लेक्सचं, ज्याची तुम्हाला खरी काळजी लागलीये. साधं गणित सांगतो. टेकनसारखा फाइटिंग गेम सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे 60 चित्रं, चालतो, त्यातला सगळ्यात जोरातला ठोसा साधारण 10 फ्रेममध्ये लागतो, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. डोळ्यानं बघून बोट हलवायला धडधाकट तरुण माणसाला पण पाव सेकंदाच्या आसपास लागतात, म्हणजे 15 फ्रेम. याचा अर्थ तो ठोसा बघून कोणीच अडवू शकत नाही, 18 वर्षांचा पोरगा पण नाही. 2019 मध्ये लाहोरच्या अर्सलान अ‍ॅशनं जपानची इव्हो आणि अमेरिकेतली इव्हो दोन्ही टेकनच्या स्पर्धा मारल्या, तोसुद्धा ठोसा बघून अडवत नाही, समोरचा आता काय करणार हे त्याला आधी कळलेलं असतं. आमच्या झोनमध्ये टेकनवर सगळ्यात जास्त जिंकणारा माणूस तुमच्यापेक्षा वयानं मोठा आहे, कॉलेजची पोरं त्याच्यासमोर बटणं बडवत बसतात आणि तो शांतपणे त्यांची सवय बघत असतो.

गॉड ऑफ वॉरमध्ये तर याच्यापेक्षा खूप जास्त वेळ दिलेला आहे. प्रत्येक शत्रू मारायच्या आधी हात मागं घेतो, खांदा उचलतो, ओरडतो, आणि मारून झाल्यावर क्षणभर मोकळा सापडतो. मागं घेतलेला हात बघितला की थांबायचं, मारून झालं की आपण मारायचं, एवढाच धडा आहे. शत्रूच्या अंगावर पिवळं कडं चमकलं तर नुसती ढाल धरून भागत नाही, ऐन वेळेला ढाल मारून परतवावं लागतं किंवा बाजूला व्हावं लागतं. लाल कडं असलं तर ढालीचा विषयच नाही, निघायचं. त्या अनोळखी माणसाशी भांडताना पहिल्या एकदोन वेळा जिंकायचा विचारच सोडा, कुऱ्हाड चालवूच नका, नुसतं चुकवत राहा आणि तो कुठल्या क्रमानं मारतो ते बघा. मग चुकवणं जमलं की एकेक घाव. लोक हावरटपणा करतात, एक घाव बसला की तीन मारायला जातात आणि तिसऱ्याला सापडतात.

तरी जमेना तर डिफिकल्टी एक पायरी खाली घ्या, मधेच बदलता येते, फक्त सगळ्यात वरची निवडलेली असली तर बदलत नाही. त्यात कमीपणा काही नाही, दिवसभर राबून आलेल्या माणसाला रात्री तासभर मिळतो, तो एकाच जागी घालवण्यात काय अर्थ. सेकिरोसारखे गेम ही सोय देतच नाहीत, ते तुम्ही आत्ता घेऊ नका. आणि यानंतर काहीतरी छोटं खेळावं वाटलं तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 2020 मध्ये काढलेला राजी बघा, आपल्याकडची देवळं, भित्तिचित्रं, गोष्ट सगळं आपलं आहे आणि काही तासांत संपतो. आपल्या शेजारच्या शहरात बसून कोणीतरी असलं काम केलं याचा मला फार आनंद आहे, म्हणून येईल त्याला सांगतो.

फुटबॉलवर या. तिथं तुम्ही बॉल असलेल्याच्या मागं धावायलाय आणि धावायचं बटण सोडतच नाही, बरोबर? ईए एफसीमध्ये धावणाऱ्या डिफेंडरला पटकन वळता येत नाही, समोरच्यानं एक झुकांडी दिली की तुमचा माणूस पुढं निघून जातो आणि मागं मैदान मोकळं. आमच्याकडं लेले ग्राउंडवर खेळणारा कुठलाही डिफेंडर सांगेल, अंगावर जायचं नाही, वाट अडवायची. गेममध्ये त्याला जॉकी म्हणतात, एक्सबॉक्सच्या पॅडवर डावा ट्रिगर. तो धरून समोरच्याच्या आणि गोलच्या मधे राहा, दुसऱ्या खेळाडूला आरबी (उजव्या ट्रिगरच्या वरचं बटण) दाबून अंगावर पाठवा, आणि बॉल पायापासून लांब गेला की मगच टॅकल. सेंटर बॅकला तर जागेवरनं हलवूच नका, मिडफिल्डरला मागं आणा. हल्ल्याच्या वेळी पण सतत धावू नका, धावताना बॉल पहिल्या टचलाच लांब जातो, तुमचा बॉल निसटतो म्हणताय तो इथंच निसटतोय. आणि कीबोर्डवर आठच दिशा असतात, पास भलतीकडं जायचं एक कारण ते पण आहे. पासचा असिस्ट पूर्ण ठेवा, लेव्हल सेमी-प्रो, आणि चार सामने शून्य-शून्य सुटले तरी चालतील असं मनाशी ठरवून नुसतं डिफेन्स खेळा. फुकटातलं पाहिजे असलं तर कोनामीचं ईफुटबॉल आहे, पण त्यात बहुतेक सगळं ऑनलाइन.

क्रिकेटचं तुम्ही विचारलं नाही पण विचाराल. ईएनं क्रिकेट 07 नंतर क्रिकेटचा गेमच काढला नाही, तरी आपल्याकडं तो पॅच टाकून अजून खेळतात आणि कीबोर्डवर अजून मजा येते. नवीन पाहिजे तर बिग अँटचा क्रिकेट 24, त्यात पण पॅडच, आणि बॅटिंगमध्ये बॉल टप्पा पडायच्या आधी बटण दाबायची घाई नको.

लॅपटॉपचं दोन ओळीत. चार्जर लावूनच खेळा, बॅटरीवर ग्राफिक्स कार्ड पूर्ण चालत नाही. रात्री करंट गेला की गेम एकदम अडखळायला लागतो तो यामुळंच. तुमच्या कार्डवर फोर्झा मिडियम किंवा हायवर ठेवून सलग 60 फ्रेम मिळवा, दिसायला भारी पण 35-40 वर हेलकावणारा गेम हाताला खोटा वाटतो, दाबलेलं उशिरा पोचल्यासारखं. टीव्हीला जोडत असाल तर टीव्हीचा गेम मोड चालू करा, नाहीतर वर सांगितलेलं सगळं करून पण टायमिंग चुकत राहील.

राहिला मुलगा. गॉड ऑफ वॉर 18 च्या वरच्यांसाठी आहे, तो त्याच्यासमोर लावू नका, जीटीए पण नाही. फोर्झा त्याला चालेल, त्याच्यासाठी ऑटो स्टिअरिंग आणि असिस्टेड ब्रेकिंग चालू करा, नुसती रेस दिली तरी गाडी रस्ता सोडणार नाही. पण फोर्झा होरायझन 5 मध्ये एका स्क्रीनवर दोघांना खेळता येत नाही, हे माहीत नसल्यानं दोन पॅड घेऊन हिरमुसलेले बाप मी बघितलेत. दोघांनी मिळून खेळायला रॉकेट लीग टाका, 2020 पासून फुकट आहे, गाड्यांनी फुटबॉल खेळायचा, म्हणजे तुमचे दोन्ही शौक एकात. दुसरा पॅड जोडा, त्याचं स्टार्ट बटण दाबा, स्क्रीनचे दोन भाग होतात. एक्झिबिशनमध्ये दोन विरुद्ध दोन लावा, तुम्ही बाप-लेक एका बाजूला आणि समोर रूकी, म्हणजे सोप्या लेव्हलचे बॉट (कॉम्प्युटर चालवतो ते खेळाडू), गोलवर तुम्ही थांबा आणि त्याला पुढं सोडा.